दहा नंबरची काच

आमच्या सोसायटीत ऑटो-डार्क हेल्मेट असलेला माणूस मी एकटाच. वेल्डिंग करायची हौस असलेलाही मी एकटाच, पण ते मी सांगत नाही. हेल्मेटच्या कपाळावर सोलरची पट्टी आहे, काचेचा नंबर नऊ ते तेरा फिरवता येतो आणि आर्क पेटली की पापणी लवायच्या आत काच काळी होते. एवढ्या थाटात मी आजवर कुंडीचं एक स्टँड जोडलंय. ‘अहो, चंद्रावर निघालात की बाल्कनीत?’ असं हिनं विचारलं, त्यातही मला कौतुकच ऐकू आलं.

तंजावरहून कुंभकोणमकडे जाताना पापनाशम गेलं की सुंदरपेरुमाळ कोयिल लागतं. तिथं रस्त्याकडेला ग्रिलचं काम चाललं होतं. पोरानं एका हातानं पट्टी धरली, होल्डर जागेवर नेला, मान खांद्याकडे वळवली, डोळे गच्च मिटले आणि टाका मारला. टाका सरळ. नाकावर बाजारातला गॉगल. मी लगेच मोबाईलवर माझा हेल्मेटमधला फोटो दाखवला. मिस्त्री मुंबईत राहून आलेला, त्याची हिंदी माझ्यापेक्षा बरी. त्यानं किंमत विचारली, मग म्हणाला, ‘यातून ग्रिलं किती केलीत?’

मी विषय सरफोजीराजांकडे वळवला.

विषय चांगला आहे, म्हणून इथंही वळवतो. तंजावरच्या आसपास मराठी माणसाची छाती उगाच दोन इंच फुगते. सरफोजी दुसरे यांच्यासाठी मात्र ती फुगली तरी चालेल. 1798 ते 1832 हा त्यांच्या गादीचा काळ. सरस्वती महालातली ग्रंथसंपदा त्यांनी वाढवली, हे सगळे सांगतात. मला प्रिय आहे तो त्यांचा धन्वंतरी महाल. तिथं डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार होत, त्यांच्या नोंदी ठेवल्या जात आणि दुखऱ्या डोळ्यांची रंगीत चित्रंही काढून घेतली जात. राजानं माझं हेल्मेट नक्की मागून पाहिलं असतं, अशी माझी खात्री आहे. मिस्त्रीची नव्हती.

पण राजाच्या दरबारात कुणा रयतेचा लाल डोळा चितारला गेला, आणि आपण ग्रिलवाल्याच्या डोळ्यांकडे बघतही नाही, याचा मला संताप येतो. आर्कचे अतिनील किरण बुबुळावरचा पारदर्शक पडदा भाजतात. तेव्हा काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू ओतल्यासारखं होतं. मग बटाट्याच्या चकत्या, आणि सकाळी पुन्हा कामावर. मान वळवली तरी चुन्याच्या भिंतीवरून परतलेला उजेड लागतोच. आर्कला दहा-अकरा नंबरची काच लागते. गॅसवाल्याचा पाच नंबरचा चष्माही इथं पुरत नाही, मग गॉगलची काय कथा!

आणि आपण? किलोमागे दोन रुपये कमी करायला अर्धा तास घासाघीस करतो.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रिल करायला द्याल, तेव्हा भावाआधी काच विचारा. काळ्या काचेपुढची साधी काच ठिणग्यांनी खवलेली असेल तर तीही बदलायला लावा. समोरचं दिसेनासं झालं की माणूस काच बाजूला ठेवतो. पैसे तुम्ही द्या. आणि आर्क बघत पोरं उभी असतील तर आधी त्यांना हाकला.