मोत्याचं पथ्य

एडिसन, न्यू जर्सी

तीर्थरूप आई-बाबा,


पत्रास कारण, मोत्याचा रिपोर्ट. यकृताचे आकडे, एएलटी आणि एएलपी, दोन्ही वाढलेत. त्याखाली बाबांचा शेरा, "माझेही वाढलेत, मी कुठे झोपून आहे?" बाबा, तुम्ही दोघं एकाच डब्यातली शेव खाता, त्यामुळे नवल वाटलं नाही.

घाबरू नका. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे आकडे बऱ्याचदा वाढलेले सापडतात. एएलपी तर स्टिरॉइडनेही वाढतं, आणि खाज सुटली की मोत्याला त्या गोळ्या मिळतातच. पण यकृत फार सोशिक, बरंच बिघडेपर्यंत हूं की चूं करत नाही. म्हणून डॉक्टर म्हणतात ती सोनोग्राफी आणि बाइल ॲसिडची तपासणी कराच. 'गंगापूर रोडला ट्रॅफिक असतं' ही सबब चालणार नाही.

आई, यकृतासाठी सिलिमारिनसोबत दिलेली 'सॅमी'ची गोळी उपाशीपोटी द्यायची असते, तुपातल्या शिऱ्यात दडवून नाही. आणि शेजारच्या काकूंनी "यकृताला जड" म्हणून बंद करायला लावलेलं उकडलेलं अंडं सुरू करा. यकृताच्या दुखण्याचा मेंदूवर परिणाम झाला तरच डॉक्टर प्रथिनं कमी करतात. मोत्या शेजारणीला अजून बरोबर ओळखून भुंकतो, म्हणजे मेंदू शाबूत आहे. जेवण मात्र थोडं थोडं, दिवसातून तीन-चारदा.

आता वर्ज्य. बाबांच्या गुडघ्याची पॅरासिटॅमॉल त्याला अजिबात नको, लंगडला तरी नको. आम्ही पाठवलेलं शुगर-फ्री च्युइंगगम कपाटात कुलूपबंद ठेवा. त्यात झायलिटॉल असतं. कुत्र्याची साखर धाडकन उतरते आणि यकृतही बसू शकतं. उपासाचे शेंगदाणे खवट, बुरशी आलेले निघाले तर "त्याला घाल" म्हणू नका. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन यकृतावरच उठतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. चिवड्यातला कांदा रक्ताला वाईट, द्राक्षं-मनुका मूत्रपिंडाला. नाशिकच्या कुत्र्याला द्राक्षं वर्ज्य, काय नशीब!

पावसाळ्यात गोदावरीच्या पुरात दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला ते बघायला बाबांनी एकट्यानेच जावं. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, आणि तो यकृत-मूत्रपिंड दोन्ही धरतो. त्याची लस दरवर्षी द्यावी लागते. यंदाची राहिली असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या.

हिरड्या किंवा डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, पोट फुगलं किंवा त्याने जेवण सोडलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. माझ्या फोनची वाट पाहू नका. तुमची सकाळ म्हणजे इथली रात्र, आणि मी घोरत असतो.

तुमचाच,
धाकटा