पाय काढला की संपलं

जुन्या मारुती आठशेला एक असा आजार होतो, की तो कळायला भिवंडीलाच जावं लागतं. ॲक्सिलरेटरवर पाय आहे तोवर गाडी ठणठणीत. पाय उचलला की ठप्प. ठाण्याहून बाळकुम, कशेळीमार्गे वज्रेश्वरीला निघालेले काका खाडीपुलावर आम्हाला ऐकवत होते, की २००० च्या सुमाराला आठशेत फ्युएल इंजेक्शन आलं आणि गाड्यांना कॉम्प्युटर लागायला लागला. आपल्या १९९४ च्या कार्बोरेटरला नुसता पाना पुरतो. तेवढ्यात पूल संपला आणि काल्हेर लागलं.

काल्हेर ते अंजूरफाटा हा गोदामांचा मुलूख. मुंबईकर मोबाइलवर बोट टेकवून जे जे मागवतात त्यातलं बरंचसं इथून निघतं, आणि ते सगळं त्या दिवशी आमच्याच वेळेला निघालं होतं. चाळीस फुटी कंटेनर गोदामाच्या तोंडाशी आडवा झाला, की दोन्ही बाजूंच्या वाहनांनी त्याचं वळण भक्तिभावाने पाहायचं असतं. काकांनी ब्रेक दाबला. गाडी बंद. सेल मारला, चालू. पाय काढला, बंद. शेवटी त्यांनी उजवा पाय ॲक्सिलरेटरला दिला, डावा क्लचला, आणि ब्रेकचं खातं माझ्याकडे सोपवलं, म्हणजे हँडब्रेक. जागच्या जागी घूंऽऽ घूंऽऽ करणारी आठशे पाहून पुढच्या ट्रेलरचा ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे रोखून बघू लागला. त्याला आम्ही शर्यतीला बोलावतोय असं वाटलं असावं.

अंजूरफाट्याला निदानं सुरू झाली. रिक्षावाला म्हणाला, पेट्रोलमध्ये पाणी आहे. टेम्पोवाला म्हणाला, कॉइल तापलीय, ओलं फडकं टाका. उसाच्या रसवाल्याने प्लग काढायला सांगितला आणि तोवर रस घ्यायला सांगितला. "नारळ न घेता निघालो, दुसरं काय होणार," हे काकूंचं निदान, आणि सगळ्यांत ठाम तेच होतं. काका मात्र जेटमध्ये कचरा आलाय यावर अडून, कार्बोरेटर उतरवायला पाना शोधत होते. भिवंडीत तज्ज्ञांची टंचाई नाही. टंचाई आहे ती गाडी बाजूला घ्यायला जागेची.

पाय न काढता, म्हणजे कुणालाच वाट न देता, आम्ही वंजारपट्टी नाका ओलांडून एका गल्लीतल्या मेकॅनिकपुढे उभे राहिलो. त्याने लक्षणं ऐकली आणि काकांच्या हातातला पाना हळूच काढून घेतला. "अंकल, कार्बोरेटर को हाथ मत लगाओ."

कार्बोरेटरच्या अंगाला अंगठ्याएवढा एक सोलेनॉइड असतो. पायाखाली ॲक्सिलरेटर दाबलेला असतो तेव्हा पेट्रोल मोठ्या जेटने येतं. नुसतं धुगधुगत उभं राहायचं तर स्लो जेटच्या बारीक वाटेने. त्या बारीक वाटेच्या तोंडाशी हा सोलेनॉइड बसतो. चावी फिरवली की वीज त्याची सुई मागे ओढते आणि वाट उघडते. चावी काढली की स्प्रिंग ती बंद करते. वीजच पोचली नाही तर वाट कायमची बंद. परीक्षा सोपी: चावी फिरवायची आणि 'टक्' ऐकायचं.

हे 'टक्' भिवंडीत ऐकायचं होतं. गल्लीच्या डाव्या हाताला यंत्रमाग, उजव्या हाताला यंत्रमाग, वरच्या मजल्यावरही यंत्रमाग. एकेकाचा धोटा मिनिटाला शंभरावर वेळा आपटणार. काकांनी बॉनेटखाली डोकं घालून कान लावला आणि ओरडले, "वाजलं!" वाजत होतंच. अख्खी गल्ली वाजत होती. मेकॅनिकने कानाचा नाद सोडून सोलेनॉइडवर बोट ठेवलं आणि मला चावी फिरवायला खुणावलं. बोटाला धक्का नाही. मग बॅटरीवरून एक वायर थेट टेकवली. त्याच्या चेहऱ्यावरून कळलं, की बसला धक्का. सोलेनॉइड शाबूत होता, त्याच्याकडे येणारी वायर आत कुठेतरी गंजून मेली होती. डॅशबोर्ड उघडण्याऐवजी त्याने थेट वायरच क्लिपने कायम केली, आणि क्लिपकडे, चावीकडे, पुन्हा क्लिपकडे बोट दाखवत काकांना बराच वेळ काहीतरी समजावलं. मागांच्या खडखडाटात एक अक्षर ऐकू येत नव्हतं. काकांनी समजल्यासारखी मान हलवली आणि पैसे दिले.

पुढे अंबाडी नाक्यापर्यंत काका गरज नसतानाही थांबत होते, केवळ पाय उचलण्याच्या सुखासाठी.

१७३९ मध्ये वसई सर झाल्यावर चिमाजी अप्पांनी नवस फेडला ते हे वज्रेश्वरीचं देऊळ, बाहेरून किल्लाच. पायऱ्यांखाली काकांनी गाडी लावली, चावी काढून खिशात टाकली, दार लावलं. गाडी धडधडतच होती. बॅटरीची वीज थेट मिळत असल्याने सुई मागेच, पेट्रोलची वाट उघडी. आणि इतक्या वर्षांचा तापलेला कार्बन ठिणगीवाचूनही ते पेटवत होता. पार्किंगवाला पोरगा म्हणाला, "काका, चालू राहिली." काकांनी खिशातली चावी काढून त्याला दाखवली. त्याने चावी पाहिली, गाडी पाहिली आणि दोन पावलं मागे सरला. काकू नारळ घेऊन पायऱ्या चढायला लागल्या होत्या.

शेवटी काकांनी चौथा गिअर टाकून, ब्रेक दाबून, क्लच सोडला. गाडीने एक आचका दिला आणि गप्प झाली.

"तो शेवटी नक्की काय सांगत होता रे?" काकांनी मला विचारलं.

मीही मान हलवली.