पुढे कोण उभं आहे?

सोसायटीची लिफ्ट बंद पडली आणि सेक्रेटरींनी हौसेनं इंग्रजी पाटी लावली: 'लिफ्ट इज डाऊन. प्लीज वॉक डाऊन द स्टेअर्स.' दोन्ही हातांत दुधाच्या पिशव्या घेऊन मी धापा टाकत चौथ्या मजल्यावर पोचलो, तर पाटीसमोर सर.

"थांब. यातला पहिला 'डाऊन' कोण आणि दुसरा कोण?"

"सर, दूध..."

"दूध नाम. 'डाऊन'चं बोल. दुसऱ्या 'डाऊन'च्या पुढे कोण उभं आहे?"

"मी, सर."

"गाढवा, जिना उभा आहे! 'द स्टेअर्स'. पुढे नाम, म्हणून तो प्रीपोझिशन. पहिल्याच्या पुढे काय? पूर्णविराम. तो नुसती लिफ्टची अवस्था सांगतोय. विशेषण!"

शाळेत आम्ही त्यांना 'इनऑनॲट' म्हणायचो. निवृत्तीनंतरही त्यांच्या टेबलावर दामल्यांचं १९११ सालचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आणि खाकी कव्हर घातलेलं रेन अँड मार्टिन शेजारी-शेजारी नांदतात. आपलं शब्दयोगी अव्यय नामाच्या शेपटाला चिकटतं आणि 'टेबल'चं 'टेबला' करून सोडतं. इंग्रजांचं चोपदारासारखं पुढे चालतं, नामाला हात लावत नाही, सर्वनाम दिसलं तर मात्र 'ही'चा 'हिम' करतं, हे ते अजून तितक्याच कौतुकानं सांगतात. शब्दाची जात जन्मानं ठरत नाही, शेजारानं ठरते, हा त्यांचा सिद्धान्त. (माणसांच्या बाबतीत सर इतके पुढारलेले नाहीत, पण ते असो.)

मध्यंतरी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. दंडाला पट्टा, पट्ट्यातली हवा सुटतेय, आणि डॉक्टर म्हणाले, "ही गोळी बिफोर लंच." सर एकदम खुलले. "प्रीपोझिशन! 'बिफोर यू ईट' म्हणाला असतात तर पुढे अख्खं वाक्य, म्हणजे उभयान्वयी. आणि 'हॅव यू हॅड धिस बिफोर?' असं विचारलंत तर पुढे कुणीच नाही. क्रियाविशेषण!" डॉक्टरांनी रक्तदाब परत मोजला.

पुढे नाम दिसलं म्हणजे झालं, असं समजून एकदा मी फसलो. 'ही रॅन अप द हिल' आणि 'ही रॅन अप अ बिल', दोन्हींतला 'अप' मी बिनधास्त प्रीपोझिशन ठरवला. सरांनी डोळे मिटले; वर्गात छडी शोधताना मिटायचे तसे. "सरकवून बघ. 'ही रॅन अ बिल अप' चालतं. 'ही रॅन द हिल अप' चालेल? बिल सरकतं, टेकडी सरकत नाही. बिलातला 'अप' क्रियापदाच्या घरचा आहे, नामाशी त्याचा संबंध नाही." आमच्या वाण्याचं बिल गेल्या दिवाळीपासून जागचं हललेलं नाही, हे मी बोललो नाही.

या माणसाबरोबर काकूंनी चाळीस वर्षं संसार केला. परवा मी गेलो तेव्हा त्या स्टूल धरून उभ्या होत्या. "अहो, वर जा आणि ते मोठं पातेलं काढा."

"'माळ्यावर जा' म्हण," सर म्हणाले. "नामाला चिकटलेलं 'वर' शब्दयोगी. सुटं 'वर' क्रियाविशेषण. आणि माझ्या वयाच्या माणसाला नुसतं 'वर जा' म्हणू नये."

"जायचं तिकडे जा," काकू म्हणाल्या. "आधी पातेलं तेवढं खाली द्या."