पासष्टीच्या आत म्हातारे होऊ नये

म्हातारपण हा आपल्याकडे फार बेशिस्त कारभार होता. गुडघे कुरकुरू लागले, सुईत दोरा ओवता येईना, पायऱ्या चढताना मध्ये थांबावेसे वाटू लागले, की माणूस स्वतःच स्वतःला म्हातारा ठरवी आणि पारावर जाऊन बसे. अर्ज नाही, दाखला नाही, कुणाची मंजुरी नाही. साठी झाली की शांत आणि ऐंशी उलटली की सहस्रचंद्रदर्शन, एवढ्या दोन खुणांवर सगळे भागत असे. या मोकाटपणाला शासनाने आळा घातला याबद्दल नागरिक म्हणून आपण कृतज्ञ असले पाहिजे. म्हातारे कधी व्हायचे, आणि झालोच तर कोणत्या खिडकीपुरते व्हायचे, हे आता ठरलेले आहे.

आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहासाठी केंद्राने २००७ मध्ये केलेला कायदा साठाव्या वर्षी माणसाला ज्येष्ठ मानतो. महाराष्ट्राचे ज्येष्ठ नागरिक धोरण आधी ६५ म्हणत होते, २०१८ मध्ये तेही ६० वर आले. इतके जुळल्यावर एखादे उतावळे सरकार सगळीकडे साठच करून मोकळे झाले असते. आपण तो मोह टाळला. एसटीत वयामुळे मिळणारे अर्धे तिकीट अजूनही ६५ नंतरच, आणि फुकट प्रवास ७५ नंतर. आयुष्मान भारतचे वयावर मिळणारे कार्ड ७० ला. घरबसल्या मतदान ८० ला करता येत असे, २०२४ मध्ये ते ८५ वर नेले. बँकेत मुदतठेव ठेवायला गेलेला बासष्ट वर्षांचा गृहस्थ तिथे ज्येष्ठ असतो, आणि घरी जायला एसटीत बसला की पुन्हा तरुण होतो. च्यवनप्राश खाऊन जे साधत नाही, ते कंडक्टरच्या तिकीट यंत्राने साधते.

निरोप देण्याच्या बाबतीत मात्र शासन कुणाला ताटकळत ठेवत नाही. राज्य सरकारी कारकून ५८ व्या वर्षी नारळ घेऊन घरी जातो. भविष्यनिर्वाह निधीची पेन्शनही ५८ लाच सुरू होते, आणि तिची किमान रक्कम २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे. घरकामगारांच्या कल्याण मंडळात नाव लावायचे तर वय १८ ते ६० हवे. म्हणजे साठी उलटलेली जी बाई रोज सकाळी आपल्या मोरीत वाकून भांडी घासते, ती मंडळाच्या लेखी कामगार नाही. आणि निराधार म्हणून श्रावणबाळ योजनेत यायचे तर पासष्ट पूर्ण हवीत, म्हणून ती म्हातारीही नाही. मधली पाच वर्षे ती नेमकी कोण आहे, याचा निर्णय शासनाने तिच्यावर आणि आपल्यावर सोपवला आहे. आपणही तो मोठ्या समजूतदारपणे लांबणीवर टाकतो. भांडी तेवढी वेळेवर घासून होतात.

बायकांच्या बाबतीत ही व्यवस्था विशेष हळवी आहे. लाडकी बहीण योजनेत २१ ते ६५ वर्षांच्या बहिणीला महिना १,५०० रुपये मिळतात. कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असले म्हणजे झाले. पासष्टी ओलांडली की ती बहीण राहत नाही. तिथून पुढे तिने श्रावणबाळाकडे पाहायचे. रक्कम तीच, १,५०० रुपये, पण आता कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला २१,००० रुपयांच्या आत लागते, म्हणजे महिन्याला १,७५०. ज्या घरात महिन्याला पाच हजार येतात, तिथली बाई चौसष्टाव्या वर्षी गरजू असते आणि सहासष्टाव्या वर्षी सधन. म्हातारपणाने माणूस श्रीमंत होतो, हा शोध अर्थशास्त्राला अजून लागायचा आहे.

महागाईने ज्येष्ठांचे डोके फिरू नये याचीही काळजी घेतलेली आहे. इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात केंद्राचा वाटा ७९ वर्षांपर्यंत महिना २०० रुपये आहे. २००७ मध्येही तो २०० रुपयेच होता. डाळ चढली, गॅस चढला, रक्तदाबाच्या गोळ्यांचे पाकीट चढले. आयुष्याच्या उत्तरार्धात माणसाला एक तरी गोष्ट स्थिर लागते, ती केंद्राने पुरवली आहे.

रेल्वेचे तर मन मोठे आहे. पूर्वी पुरुषांना साठाव्या वर्षी ४० टक्के आणि बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षी ५० टक्के सवलत होती. करोना आला, वृद्धांनी विनाकारण प्रवास करू नये म्हणून २० मार्च २०२० पासून ती थांबवली. साथ गेली, काळजी गेली नाही. लेकीकडे जाताना पूर्ण भाडे मोजणारी आजी घरीच सुखरूप राहील, हा विचार आजही कायम आहे. खालच्या बर्थच्या कोट्यात मात्र बाईला ४५ व्या वर्षीच ज्येष्ठांच्या रांगेत घेतात. आडवे होण्यापुरते म्हातारपण लवकर मिळते, पैशापुरते मिळत नाही.

राज्य करण्याला वयाची वरची अट नाही, हे योग्यच आहे. मोरारजी देसाई १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा ८१ वर्षांचे होते. खडी फोडण्यालाही वयाची वरची अट नाही. रोजगार हमीवर सत्तरीचा माणूस काम मागू शकतो. देशाचे दोन्ही टोकांचे काम असे वयाच्या जाचातून मुक्त आहे.

खडीवरून आठवले. मध्यंतरी आमच्याकडच्या तात्यांना घेऊन मी श्रावणबाळच्या अर्जासाठी तहसील कचेरीत गेलो होतो. तात्या शाळेत गेलेले नाहीत. जे गेले त्यांना गुरुजींनी १ जून ही जन्मतारीख दिली. जे गेले नाहीत त्यांना आधारने १ जानेवारी दिली. २०१३ च्या शिबिरात मशीनवरच्या मुलाने विचारले होते, ‘बाबा, पन्नास लिहू?’ तात्यांनी मान हलवली. त्या मानेच्या हलण्याने ते १९६३ मध्ये जन्मले.

खिडकीतला मुलगा सभ्य होता. म्हणाला, ‘बाबा, तुम्हाला अजून पासष्ट झाली नाहीत.’

‘अरं लेकरा, बहात्तरच्या दुष्काळात मी खडीवर हुतो. थोरला पोरगा तवा चालाया लागला हुता.’

मुलाने मनात वजाबाकी केली. ‘म्हणजे तुम्ही नऊ वर्षांचे होता?’

तात्या काही बोलले नाहीत. त्या खडीवर हातोडा बसून त्यांच्या डाव्या अंगठ्याचे नख कायमचे वाकडे झाले आहे. उजवा अंगठा पन्नास वर्षांच्या कामाने इतका गुळगुळीत झाला आहे, की यंत्रावर तीनदा ठेवला तरी ठसा उमटला नाही. यंत्र निष्पक्ष असते. कुणाचा अंगठा का झिजला, हे ते विचारत नाही. नऊ वर्षांच्या वयात एका मुलाचा बाप झालेल्या माणसाचा अर्ज त्याने परत केला, आणि आम्ही एसटीने परत आलो. तात्यांचे तिकीट पूर्ण लागले.

श्रावणबाळच्या नियमांत वयाचा पुरावा म्हणून जन्मनोंद, शाळेचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदारयादीचा उतारा चालतो, आणि ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाने दिलेला वयाचा दाखलाही चालतो. त्या दिवशी खिडकीवर आम्हाला हे कोणी सांगितले नाही. मंगळवारी आम्ही तात्यांना रुग्णालयात नेत आहोत. तुमच्या गल्लीत १ जानेवारीला जन्मलेले कोणी म्हातारे माणूस असेल, तर त्यांना एकटे पाठवू नका, सोबत जा.