बाबांची हस्तकला

रात्री साडेनऊला डोंबिवलीत फडके रोडच्या आसपास स्टेशनरीच्या दुकानापुढे आईबापांची झुंबड दिसली, की समजावं: उद्या दुसरीला 'टाकाऊतून टिकाऊ' आहे. टाकाऊ म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांचं कोरं पाकीट, विकत. थर्माकोल मागायची सोय नाही. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी. मग कल्याण लोकलला लोंबकळत आलेले बाबा बारापर्यंत पुठ्ठ्याची पवनचक्की चिकटवतात. फेविकॉल वाळेना, म्हणून आई हेअर ड्रायर धरून उभी. कलाकार केव्हाच झोपलेला. सकाळी रिक्षात पवनचक्की मांडीवर, दप्तर पायाशी. बाईंचा शेरा आला: 'छान! पण पाती फिरत नाहीत.' बाबांनी तो तीनदा वाचला. शनिवारी मातीचा किल्ला आहे. त्यांनी शुक्रवारची रजा टाकली आहे.