बघायला काय जातंय!

भोसरी-चाकणच्या पट्ट्यातल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये दुपारी डोकावलं, तर सगळ्यात जोरात फिरणारी वस्तू लेथवर नसते, मॉनिटरवर असते. मालक पार्ट फिरवतात, पर्चेसवाला फिरवतो आणि सुट्टीत आलेला मालकांचा पुतण्या तर असा फिरवतो की बघणाऱ्याला भोवळ यावी. ही सगळी व्ह्यूअरची, म्हणजे मॉडेल नुसतं बघायच्या सॉफ्टवेअरची करामत. मॉडेल ज्या कॅड सॉफ्टवेअरमध्ये घडतं, त्याचं लायसन्स काढताना मालकांचा हात थरथरतो. व्ह्यूअर मात्र बहुतेकदा फुकट. त्यामुळे बघायची मुभा सगळ्यांना, बदलायची कुणालाच नाही.

तरी बघण्यातही चैन आहे. ‘सेक्शन’ दाबलं की गिअरबॉक्स मधोमध चिरला जातो आणि ऑइलचा थेंबही सांडत नाही. ‘एक्स्प्लोड’ दाबलं की गिअर, बेअरिंग, सरक्लिप हवेत तरंगतात आणि पुढच्या क्लिकला निमूटपणे जागेवर येऊन बसतात. हे वळण खऱ्या गिअरबॉक्सला कुणीच लावलेलं नाही. तिथे जोडणी झाल्यावर दोन वॉशर उरतात आणि ते कुणाचे, यावर शिफ्ट संपते.

खरी गंमत मोजमापात. फाइल हलकी राहावी म्हणून व्ह्यूअरमधली बरीच मॉडेलं छोट्या त्रिकोणांची बनलेली असतात. थ्रीडी प्रिंटिंगसाठी १९८७च्या सुमारास आलेल्या एसटीएल फाइलीत तर निव्वळ त्रिकोणच. म्हणजे गोल भोक गोल नसतंच. समजा, २० मिलिमीटरच्या भोकाला ३६ बाजू दिल्या. समोरासमोरच्या बाजूंमधलं अंतर भरतं १९.९२. एच-सेव्हन फिटला भोक २० ते २०.०२१ मध्ये लागतं. मग पर्चेसचा फोन येतो, “साहेब, भोक लहान आहे!” अजून ना मटेरियल आलंय, ना ड्रिल लागलंय, पण रिजेक्शन झालेलं आहे. व्ह्यूअरसाठीच्याच जेटी नावाच्या फाइलीत त्रिकोणांबरोबर मूळचा अचूक पृष्ठभागही ठेवता येतो. २०१२मध्ये तिला आयएसओचा शिक्काही मिळाला. पण पाठवणाऱ्याने ‘फाइल जड होते’ म्हणून तेवढाच भाग गाळला, तर शिक्का काय करणार?

विमानवाल्यांनी मात्र या बघण्यावर भलताच मोठा डाव लावला. बोइंगने ७७७ची रचना पूर्णपणे कॅटिया या कॅड सॉफ्टवेअरवर केली. तीस लाखांच्या आसपास भाग पडद्यावर जुळवून बघायला ‘फ्लायथ्रू’ नावाचं वेगळं सॉफ्टवेअर बनवलं. आधी अख्खं विमान नमुन्यादाखल उभं करून नळ्या-वायरी कुठे अडतात ते तपासत. ती भांडणं इथे संगणकावरच मिटली. १२ जून १९९४ रोजी विमान उडालं.

एअरबसच्या ए३८०ची तऱ्हा निराळी. हॅम्बुर्गवाले कॅटियाच्या चौथ्या आवृत्तीत, टूलूझवाले पाचवीत. दोघांनी आपापल्या पडद्यावर विमान बघितलं, दोघांनाही छान दिसलं. एका विमानात सुमारे ५३० किलोमीटर वायर. हॅम्बुर्गचे हार्नेस, म्हणजे वायरींचे जुडगे, टूलूझला पोहोचले आणि जागोजागी वायर तोकडी पडायला लागली. वळणावर किती लांबी खर्च होते, यावर दोन्ही आवृत्त्यांचं एकमत नव्हतं. २००६च्या जुलैमध्ये एअरबसच्या आणि तिच्या पालक कंपनीच्या प्रमुखांना खुर्च्या सोडाव्या लागल्या. जर्मनीहून शेकडो तंत्रज्ञ टूलूझला आले, विमानाच्या पोटात शिरले आणि वायरी हाताने ओढायला लागले. तिथे ‘एक्स्प्लोड’चं बटण नव्हतं.