शून्य नंबरचं गिऱ्हाईक

शाखा-शाखा जोडणारी खासगी लाइन घेताना करार कोण वाचतं? भाव पहिल्या दोन पानांत असतो, सही शेवटच्या पानावर. मधली पानं वकिलासाठी. आणि वकील बघतो ते एवढंच, की भांडण झालं तर लवाद पुण्यात की दिल्लीत.

त्या मधल्या पानांत एक तक्ता असतो. रिअल टाइम, गोल्ड, सिल्व्हर आणि तळाला डिफॉल्ट. प्रत्येक वर्गापुढे विलंब किती, पॅकेटची गळती किती, याचे टापटीप आकडे. डिफॉल्टपुढे नुसती आडवी रेघ.

ती रेघ म्हणजे तुम्ही.

त्र्यंबकेश्वरला गेलेल्या माणसाला हा मामला समजावून सांगावा लागत नाही. गर्दी नसेल तेव्हा पेड दर्शन आणि धर्मदर्शन दोन्ही सारखंच. श्रावणी सोमवारी कळतं, आपण कुठल्या रांगेत उभे आहोत. नेटवर्कचंही तेच. लाइन मोकळी असेल तर कुठला गोल्ड आणि कुठला डिफॉल्ट! लाइन भरली की आधी डिफॉल्टवाल्यांची पॅकेटं खोळंबतात, मग गळतात.

आता खरी मेख. ज्या पॅकेटवर वर्गाची खूण नाही, ते आपोआप डिफॉल्टमध्ये जातं. खूण करायची कुणी? गिऱ्हाइकानं. असं लिहिलंय कुठे? मधल्या पानांत.

एखादी पतसंस्था घ्या. मुख्य कार्यालय सांगलीला, शाखा जत, विटा, आटपाडीला. शाखाशाखांत आयपी फोन. गोल्ड वर्गाचं भाडं दरमहा बिनबोभाट जातंय. फोन बिचारा इमानी. आवाजाच्या प्रत्येक पॅकेटवर तो ४६ हा आकडा लिहितो. म्हणजे, मला आधी सोडा.

वाटेत शाखेतलाच स्विच बसलाय. बऱ्याच जुन्या स्विचांचा स्वभाव असा, की त्यांच्यात प्राधान्याची सोय चालू केली रे केली, की ते कुणावरच विश्वास ठेवत नाहीत. अमुक पोर्टवर भरवसा ठेव असं मुद्दाम सांगितलं नसेल, तर येईल त्या पॅकेटचा आकडा पुसून शून्य. सोय बंद होती तोवर खूण निदान पुढे तरी जात होती.

सुधारणा केली आणि घोटाळा झाला. आपल्याकडे याचं नवल कुणाला?

फोन खरखरतो. मॅनेजर म्हणतात, लाइन भिकार आहे. लाइनवाल्या कंपनीचा माणूस लॅपटॉप उघडून आलेख दाखवतो. गोल्ड वर्ग, पॅकेट गळती शून्य टक्के! शंभर टक्के खरं. गोल्डमध्ये एकही पॅकेट गेलेलंच नाही, तर गळणार काय, कपाळ?

बरं, समजा खूण नीट लागली. मग सगळं आलबेल?

छे. आवाजासाठी ५१२ किलोबिटचा वर्ग घेतलाय. साध्या, न दाबलेल्या आवाजाचा एक कॉल हेडरसकट साधारण ८० किलोबिट खातो. सहा कॉल आरामात बसतात. मार्चअखेर असते, सातवा माणूस फोन उचलतो. तुम्हाला वाटेल, सातव्याला 'सर्व लाइन व्यस्त' ऐकू येईल. तशी सोय वेगळी करावी लागते आणि ती केलेली नसते. लाइनवाल्या कंपनीच्या वेशीवरचा पहारेकरी कॉल मोजत नाही, बिट मोजतो. जास्तीचं पॅकेट कुणाचं हे त्याला ठाऊक नाही. हाताला लागेल ते तो फेकतो किंवा त्याचा आकडा पुसून डिफॉल्टमध्ये ढकलतो.

सातवा आला आणि सातही जण 'हॅलो, हॅलो' करत बसले. समता म्हणतात ती हीच असावी.

यावर हुशार माणसाचा तोडगा ठरलेला असतो. सगळ्याच पॅकेटांवर ४६ मारून टाका! फोन, हजेरीचं यंत्र, संगणकांची अपडेटं, साहेबांच्या केबिनमधला क्रिकेटचा सामना, सगळंच अतितातडीचं. सरकारी कचेरीतल्या प्रत्येक फाइलवर 'तात्काळ' का लिहिलेलं असतं, हे ज्यांना कळलंय त्यांना पुढचं सांगायला नको.

हा वर्गभेद काही परवाचा नाही. इंटरनेटच्या पॅकेटचा मूळ आराखडा सप्टेंबर १९८१ चा, अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशातून आलेला. त्यात तीन बिटं हुद्द्यासाठी राखून ठेवली होती. खाली शून्यावर 'रूटीन', मग प्रायॉरिटी, इमिजिएट, फ्लॅश, फ्लॅश ओव्हरराइड. पाचव्या पायरीवर 'क्रिटिक'. अगदी शिस्तीत, लष्करी तारांसारखं.

पुढे १९९८ मध्ये बिटं सहा झाली, आकडे ६४ झाले. आवाजाचा ४६ त्यातलाच. तो सहा बिटांत मांडा: १०१११०. पहिली तीन बिटं १०१, म्हणजे पाच. जुन्या तक्त्यात पाहिलं तर जत शाखेचा 'दोन चहा पाठव रे' हा फोन फ्लॅश ओव्हरराइडच्याही वर बसतो.

आणि तुमचा कर्जवसुलीचा अहवाल? शून्य. रूटीन.

शून्य म्हणजे अगदी तळ, असं समजून दुःख करू नका. ऑफिसातल्या इथरनेटवर प्राधान्याचे आठ आकडे असतात, शून्य ते सात. तिथल्या रिवाजात १ हा ० च्या खाली आहे. एक म्हणजे पार्श्वभूमीला रेंगाळणारी, वेळ मिळाला तर पोचवायची पॅकेटं. शून्य म्हणजे सर्वसामान्य. शून्याचा शोध आपण लावला म्हणून छाती फुगवणाऱ्यांनी ही बातमी जपून ठेवावी.

हे सगळं कंपन्यांचं झालं, आमच्या मोबाइलचं काय, असं म्हणाल. उलट तिथे तर फार प्रांजळपणे लिहून ठेवलंय. फोर-जीच्या जागतिक मानकात वर्गांचे क्रमांक आहेत. १ नंबर साध्या फोनच्या आवाजाला, वेगाच्या हमीसकट. ९ नंबर शेवटच्या इयत्तेचा. त्याच्या तळटीपेत म्हटलंय, की हा सहसा विशेष हक्क नसलेल्या ग्राहकांच्या डिफॉल्ट जोडणीसाठी वापरला जातो.

विशेष हक्क नसलेले! इतकं स्वच्छ तर निवडणुकीच्या जाहीरनाम्यातही कुणी लिहीत नाही.

म्हणून तर जत्रेत साधा फोन धड लागतो आणि त्याच मोबाइलवर, त्याच टॉवरखाली व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल गटांगळ्या खातो. साध्या फोनचा आवाज हमीच्या वर्गातून जातो, व्हॉट्सअ‍ॅपचा रील बघणाऱ्यांच्या घोळक्यातून. दोन्हीकडे बोलणारे तुम्हीच. पण पॅकेटला तोंड नसतं, फक्त वर्ग असतो.

मग कुणाच्या तरी डोक्यात येणारच, की हा विशेष हक्क विकावा. आलाच. एअरटेलनं 'प्लॅटिनम'ची आणि व्होडाफोन-आयडियानं 'रेडएक्स'ची टूम काढली. जास्त पैसे भरणाऱ्याला जास्त वेग. जुलै २०२० मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं दोघांना थांबायला सांगितलं आणि विचारलं, बाकीच्या ग्राहकांच्या हिताचं काय? टॉवर तोच, हवा तीच. प्लॅटिनमवाल्याला पुढे घेतलं तर मागे कोण सरकणार? व्होडाफोन-आयडियानं दूरसंचार न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. ट्रायचा प्रश्न बाळबोध होता. पण असले प्रश्न हिशेब करून विचारावे लागत नाहीत, हेच कंपन्यांचं दुखणं.

कंपन्यांच्या खासगी लाइनींवर असा प्रश्न विचारायला कुणी येत नाही. तिथे वर्ग विकणं हाच उघड धंदा आहे आणि त्यात गैर काही नाही. गोल्ड हवं, गोल्ड घ्या. फक्त आपण गोल्ड घेतलंय म्हणजे गोल्ड वापरतोय, एवढा भाबडेपणा नको.

आणि हमी? तीही बघून घ्या. विलंबाचे आकडे महिन्याच्या सरासरीचे असतात. सोमवारी सकाळी दहाला शाखा तासभर ठप्प होती, पण रात्री तीन वाजता लाइन हरणासारखी पळत होती ना? बसली सरासरी. शिवाय बहुतेक करारांत मोजणी होते ती कंपनीच्या एका केंद्रापासून तिच्याच दुसऱ्या केंद्रापर्यंत. सांगली केंद्रापासून जतपर्यंतची तार, जी जेसीबीवाला हमखास तोडतो, ती हिशेबात नाहीच.

एवढं करून हमी मोडलीच, तर भाड्यात सूट मिळते. मागितली तर. मुदतीत, पुराव्यासह. पुरावा कुठे? कंपनीच्या आलेखात. डिफॉल्टवाल्याला ही दगदगही नाही. मोडायला हमीच नाही.

यावर उपाय काही अवघड नाही. निविदेतच लिहायचं, की खूण नसलेली पॅकेटं कुठल्या वर्गात जातील, त्या वर्गाला किमान किती जागा राखलेली असेल, खूण कोण करेल आणि दर महिन्याला प्रत्येक वर्गात किती वाहतूक गेली याचा अहवाल कोण देईल. चार ओळी. टाइप करायला पाच मिनिटं.

पण निविदेचा मसुदा आपल्या आयटी खात्यात तयार होतो, असं तुम्हाला कुणी सांगितलं? तो गेल्या वेळच्या कंपनीच्या माणसानं ईमेलनं पाठवलेला असतो. नुसतं नाव बदलायचं, म्हणाला.